डावीकडे फिरणाऱ्या भिरभिऱ्यांचं प्रकरण

"माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार घर बदलतात," असं हौशी गुप्तहेर भावोजी स्वतःबद्दल सांगत. मेव्हण्याला एवढंच ठाऊक होतं, की घरं भावोजींनीच चारदा बदलली होती आणि दर वेळी कपाट त्याच्या पाठीवर आलं होतं. पण ताईच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार? म्हणून आजही तो भिंगाची पेटी सांभाळत त्यांच्यामागून दातांच्या दवाखान्यात शिरला.

प्रकरण गंभीर होतं. चार-चार लाद्या जुळवून फरशीवर भिरभिरी केलेली. भिंतीवर एका टाचणीनं लावलेल्या नक्षीच्या आराखड्यात, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरवर, ती उजवीकडे फिरत होती; जमिनीवर डावीकडे. झाडून सगळी! डॉक्टरीणबाईंनी सुनावलं होतं, "मिस्त्री, दुपारपर्यंत उखडा, नाहीतर दुसरा माणूस बघते." तीन दिवस गुडघ्यांवर रांगलेला मिस्त्री हातोडा धरून रडवेला उभा होता.

भावोजींनी टाचणीवरच कागद फिरवला. पाव वळसा दिला. जुळेना. अर्धा दिला, पाऊण दिला. छे! पूर्ण दिला, तर कागद होता तिथेच आला. मग ते स्वतःच खोलीभर फिरले. नुसतं बघून मेव्हण्याला गरगरलं.

"कळलं! इमारतच उलटी बांधलीय!"

"भावोजी, आपण दारातूनच आलो ना?"

"मग टोळी! रातोरात लाद्या बदलल्या."

"तीनशे? सिमेंटसकट?"

"मोठी टोळी आहे रे. ही बघ त्यांची सांकेतिक लिपी!"

कागदाच्या कोपऱ्यात खरंच काहीतरी अगम्य खरडलं होतं. डॉक्टरीणबाईंना ती डिझायनरची सही वाटली होती, आणि अक्षरावरून दुसऱ्याला बोलायची त्यांना सोय नव्हती.

मिस्त्रीनं डोळे मिटून हातोडा उगारला. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली.

"अहो, थांबा! काय करताय?" तिनं फरशी बघितली, कागद बघितला, टाचणी उपसली आणि कागद पालथा केला. भिरभिरी डावीकडे वळली. सांकेतिक लिपी म्हणाली, 'ही बाजू समोर ठेवावी.'

"शिवणकाम करते मी," ती म्हणाली. "उजवी बाही कितीही फिरवा, डावी होत नाही. कागदच पालथा घालावा लागतो."

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "काल भिंत पुसायला कागद मीच काढला होता, परत लावताना पालथा लागला. चुकलं माझं, मिस्त्री. आतल्या खोल्याही तुम्हीच करा."

"म्हणजे गुन्हेगार सापडली!" भावोजी गरजले. कुणी लक्ष दिलं नाही.

मिस्त्री मटकन खाली बसला. डोळे पुसत, हसत बायकोला म्हणाला, "डबा इथेच उघड."

"अहो, आत टेबल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असू दे, बाई. या फरशीवर पहिला मीच जेवणार."