मनखूलचा पासिंग ऑफेन्स

मूल एका हातातून दुसऱ्या हातात देताना समोरच्या बाईनं ‘घेतला’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय आपली बोटं सैल सोडू नयेत. हा इशारा अनुपमाला वेदांगच्या बारशालाच मिळाला होता. दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, मराठी मंडळाच्या पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ इकडून तिकडे चाललं होतं, तेव्हा शेजारच्या हेमाच्या सासूबाईंनी तो दिला. त्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. अनुपमाने तो हसून सोडून दिला. ती पुण्याहून स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली होती. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना पदवीधर बायका असताना बाळ खाली पडण्याची शक्यता तिने मनातल्या मनात काढली, ती नगण्य आली. (पदवीधर नवरे त्या गणितात धरलेले नव्हते.)

पुढे चार वर्षं काही झालं नाही. मग हेमचंद्रला अमेरिकन फुटबॉल लागला.

हेमचंद्र हा अनुपमाचा नवरा. तो ज्या कंपनीत होता ती मोठमोठ्या इमारतींना गार करत असे, आणि तिचे बडे साहेब अमेरिकन होते. साहेबांचा भाऊ तिकडून मॅचेसच्या व्हिडिओ कॅसेट पाठवी. साहेबांच्या पाहून झाल्या की त्या मान खाली घालून काम करणाऱ्यांना मिळत. अमेरिकेची कॅसेट दुबईच्या साध्या व्हीसीआरवर नुसत्या मुंग्या दाखवते, म्हणून हेमचंद्रने मल्टीसिस्टिम व्हीसीआर आणला. दर शुक्रवारी सकाळी आंघोळ करून तो आणि हेमाचा नवरा सतीश पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर बसत. खेळ त्यांना पहिल्या दिवशी कळला नाही. दुसऱ्या शुक्रवारी ते तो बायकांना समजावून सांगू लागले.

कॅसेटमधला संघ आधी सगळ्यांकडून हरत असे. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या गर्दीत डोकं घालायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मग एक वयस्कर कोच आले आणि म्हणाले, फेका. त्यानंतर संघ चेंडू फेकतच सुटला आणि थेट अजिंक्यपदापर्यंत फेकत गेला. यात फेकणाऱ्याचा थोडा आणि झेलणाऱ्यांचा थोडा वाटा असेल, अशी शंका अनुपमाने बोलून दाखवली. सतीश म्हणाला, “वहिनी, कॅमेरा कोणावर आहे बघा.” कॅमेरा कोचवर होता. कोच काहीही करत नव्हते. कानाला हेडफोन, तोंडासमोर एक प्लास्टिकचा कागद, आणि चेहऱ्यावर गंभीर भाव. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे, हे हेमचंद्रने त्याच क्षणी ओळखलं.

लगेचच्या रविवारपासून मजल्यावरच्या दोन्ही कुटुंबांना पासिंग ऑफेन्स, म्हणजे ही फेकाफेकीची चढाई, लागू झाला.

या पद्धतीचे फायदे वादातीत आहेत. पूर्वी वेदांगला शाळेच्या बसपर्यंत अनुपमा नेत असे, म्हणजे एकच बाई सबंध अंतर मूल घेऊन चालत असे. कोचच्या भाषेत हे मागासलेपण होतं. आता अनुपमा वेदांगला लिफ्टपर्यंत देई, लिफ्टपासून हेमा घेई, दारापासून सतीश घेई आणि बसमध्ये चढवी. हेमचंद्र बाल्कनीतून, कानात मोबाइलची हँड्सफ्री वायर घालून, चाली सांगे. तोंडासमोर धरायला त्याने खालच्या कॅफेटेरियाचं लॅमिनेट केलेलं मेनूकार्ड आणलं होतं. शत्रूने ओठ वाचू नयेत म्हणून ते लागतं. शत्रू कोण, असं अनुपमाने विचारलं. हेमचंद्र म्हणाला, डिफेन्स. (मेनूकार्ड सारखं डोळ्यांसमोर असल्याने मधूनच तो ‘देरा डीप, ऑन टू’ या चालीच्या जागी ‘दोन केरळा पराठे’ म्हणे. टीमने तेही पाळलं.)

पहिल्या महिन्यात यशाचं प्रमाण शंभर टक्के होतं. मोजणी कोचनेच केली. वेदांगचा डबा एकदा घरी राहिला तेव्हा हेमचंद्रने तो बाल्कनीतून सतीशच्या दिशेने फेकला, आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या अनिलच्या गाडीच्या बॉनेटवर उतरला. ती चूक झेलणाऱ्याच्या खात्यात गेली. अनिल वर येऊन बराच वेळ बोलला. तो निघाला तेव्हा हेमचंद्रने त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतलं होतं.

वेदांग खूश होता. बाबांनी त्याला त्याची भूमिका समजावून दिली होती. यू आर द बॉल. बॉलने काय करायचं नाही? बॉलने चालायचं नाही. बॉल जिथे ठेवला तिथेच राहतो.

अनुपमा खूश नव्हती. ती लिफ्टचं दार बंद झाल्यावरही फटीला कान लावून उभी राही. ‘घेतला’ हा शब्द एकदा कानावर पडावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते तिने मीटिंगमध्ये मांडलं. तेव्हा हेमचंद्रने तिला पद्धतीचा गाभा सांगितला. झेलणारा पोचल्यावर फेकणं हे कोणालाही जमतं. खरा ऑफेन्स म्हणजे झेलणारा पोचण्याआधी चेंडू सोडून द्यायचा. तो जिथे आहे तिथे नाही, जिथे असणार आहे तिथे.

“आणि तो तिथे आला नाही तर?”

“अनु, सिस्टिमवर विश्वास नसेल तर कोणीच कुठे येत नाही.”

हेमा मान डोलावत होती. अनुपमानेही शेवटी डोलावली. घरात लग्न टिकवायचं असलं की डिफेन्सने थोडं मागे सरावं लागतं.

डिसेंबरात दोन्ही कुटुंबं फुजैराला समुद्रावर गेली. हेमचंद्रची कोरोला, सतीशची पजेरो. येताना दुपारी मसाफीच्या शुक्रवार बाजारात थांबले. तिथे डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे, कुंड्या आणि भाजलेली मक्याची कणसं असतात. हेमाला गालिचा हवा होता. किंमत दिरहॅममध्ये ऐकून ती रुपयांत मोठ्याने म्हणायची आणि स्वतःच दचकायची, त्यामुळे वेळ लागत होता.

निघायची चाल हेमचंद्रने तिथेच आखली. वेदांगला सतीशच्या मुलीबरोबर, दियाबरोबर, पजेरोत बसायचं होतं. अनुपमाने त्याला कणसाच्या गाडीजवळ ठेवायचं आणि मागे न बघता कोरोलात बसायचं. हेमा गालिच्याकडून तिरकी येईल आणि त्याला उचलेल.

अनुपमाने वेदांगला ठेवलं. हेमा गालिच्याशीच होती. अनुपमा थांबली. मेनूकार्डाआडून आवाज आला, “सोड, सोड. ती पोचतेच.”

तिने सोडलं.

त्याच वेळी हेमाच्या गालिचेवाल्याने भाव आणखी उतरवला, सौदा पटला, आणि कोचने ऐन वेळी चाल बदलली. टोपीला दोनदा हात, मग कानाला. याचा अर्थ हेमाने सरळ पजेरोत जायचं आणि मूल सतीश घेईल. हेमाने खूण पाहिली. सतीश डिकीत गालिचा कोंबत होता, त्याने पाहिली नाही. (कॅसेटमध्ये हे सगळ्यांना दिसतं, कारण तिथे कॅमेरे जास्त असतात.)

गाड्या निघाल्या. डोंगरांत मोबाइलला रेंज नव्हती. अनुपमाने दोनदा मागे वळून पाहिलं, तर हेमचंद्र म्हणाला की फेकणाऱ्याने चेंडूच्या मागे बघत बसायचं नसतं. तिने विचारलं की पुढे चाललेल्या पजेरोच्या मागच्या काचेत एकच डोकं का दिसतंय. तो म्हणाला, झोपला असेल. हे उत्तर शक्य कोटीतलं होतं. मग तिच्या पायाला वेदांगची पाण्याची बाटली लागली. तिने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाली, “पुढे घाल गाडी.”

धैदच्या राउंडअबाउटला दोन्ही गाड्या शेजारी आल्या. हेमाने काच खाली केली आणि तिनेच आधी विचारलं, “वेदांग झोपला का गं तुझ्याकडे?”

त्यानंतर मसाफीकडे उलट्या फिरलेल्या कोरोलात कोणीही चाल सांगितली नाही. अनुपमाच्या डोक्यात सबंध एम.एस्सी.चा अभ्यासक्रम उलटा फिरत होता. नगण्य म्हणजे किती, हे तिला कोणत्याच पुस्तकात सापडेना. हेमचंद्रने मेनूकार्ड डॅशबोर्डवर ठेवलं. ते वळणावर घसरून खाली पडलं, आणि झेलायला कोणी हात पुढे केला नाही.

वेदांग कणसाच्या गाडीजवळच होता. बूड जिथे टेकवलं होतं तिथून एक वीतही हलला नव्हता. दोन्ही हात मांडीवर, तोंडाला लिंबू-तिखट. गाडीवाला खैरुद्दीन वैतागलेला होता.

“आपका है? मैंने कितनी बार पूछा, अंदर छाँव में आ जा. बोलता है, मैं बॉल हूँ.”

अनुपमाने त्याला उचललं. तो तिच्या खांद्यावरून बाबांकडे बघून म्हणाला, “डॅडी, आय डिडन्ट वॉक.”

 हेमचंद्र म्हणाला, की नियमाप्रमाणे पास पूर्ण झाला नाही तर चेंडू जिथून सुरुवात केली तिथेच परत मिळतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आपलं काहीच नुकसान झालेलं नाही.  

अनुपमाने मूल त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुढे केले, वेदांगला काखेत धरलं आणि ओढू लागला. तिने सोडलं नाही.

“कॅच,” तो म्हणाला.

तिने सोडलं नाही. मागे पजेरोचा हॉर्न वाजला, खैरुद्दीनने कणसं परतवली, वेदांग मध्ये लोंबकळत दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

“घेतला,” हेमचंद्र म्हणाला.

“कोणी?”

“मी घेतला, अनु.”

मग तिने बोटं सैल केली.

पद्धत त्यानंतर बंद झाली असं कोणी समजू नये. यशस्वी पद्धती एवढ्या तेवढ्याने बंद होत नसतात. मंडळाच्या मीटिंगमध्ये हेमचंद्रचं त्यावर भाषण झालं, त्यात मसाफीचा उल्लेख ‘एक शिकण्यासारखा अनुभव’ असा आला, आणि रास अल खैमाच्या शाखेने ती पद्धत तिथल्या बालमेळाव्यासाठी मागवून घेतली. अनुपमानेही एक छोटी दुरुस्ती सुचवून पाठिंबा दिला. दुरुस्ती एका शब्दाची होती. कार्यवाहांनी ती नोंदवली आणि जुन्या वळणाची म्हणून बाजूला ठेवली.

वाचकांना मात्र तिची एक विनंती आहे. आपण हे सगळं सलग आणि शांतपणे वाचलंत. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे एवढी शांतता एकाच कारणाने मिळते: मूल या वेळी दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. ते दुसरं माणूसही, मूल आपल्याकडे आहे असं समजून, आत कुठेतरी निवांत बसलेलं नाही ना, एवढं जरा उठून बघून याल?