उनाची वीज

कानडी मुलखातल्या आमच्या नौबादच्या चार्जिंग स्टेशनवर संध्याकाळी गाडी लावलीत, तर प्लग हातात घेण्याआधीच एक म्हातारा तुमच्या काचेवर टकटक करील. "कामून भरायलाव आत्ता? उनाची वीज सोडून अंधाराची कामून घ्यायलाव?"

घाबरू नका. ते स्टेशनचे मालक नाहीत, नोकरही नाहीत. ते आमचे शेजारी व्यंकटअण्णा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी सोडा, साधी सायकलही नाही.

दिवसा उन्हावरची वीज मुबलक, म्हणून चार्जिंगचा दर कमी. दुपारी चारनंतर जास्त. नियम एवढाच. पण सरकारनं तो आपल्याला विचारून केला, अशा थाटात अण्णा तो सांगतात. एकदा मुडबीचं वऱ्हाड नवरदेवाची गाडी चार्ज करायला थांबलं, तर अण्णांनी नवरदेवालाच झापलं. "गोरज मुहूर्त कामून धरला? दुपारचा धरला असता तर वीज सवलतीत पडली असती की!" तो बिचारा मुंडावळ्या सावरत गाडीत जाऊन बसला. मालक अण्णांना चहा पाजतो, हात जोडतो. अण्णा चहा पितात आणि पुढच्या गाडीकडे वळतात.

घरीही तोच कायदा. घरच्या बिलाला हा नियम लागू नाही, हे सांगून मी थकलो. मिक्सर दुपारीच फिरतो. चारनंतर बेल दाबली की आतून आवाज येतो, "कडी वाजवा की सर! हात न्हाईत व्हय?"

हे वेड लागलं ते लेकीनं इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून. सुनंदा हैदराबादला नोकरी करते, सासर लातूरचं. जाता-येता ती इथं गाडी चार्जिंगला लावते, गाडी भरेपर्यंत अण्णांच्या हातची भाकरी खाते आणि निघते. वहिनी, म्हणजे तिची आई, वारल्यापासून तिचं माहेरपण तेवढंच.

परवा ती भर दुपारी आली. मी अण्णांबरोबरच उभा होतो. तिनं प्लग उचलला, तसा अण्णांनी तिचा हात धरला.

"आत्ता नको भरू, बाय. आत्ता लई महाग हाय. चारनंतर स्वस्त होतंय."

मी थक्क झालो. अण्णा माझी नजर चुकवत होते.

"खरंच, अप्पा?" तिनं वडलांना विचारलं.

"सरांना इचार की."

जन्मभर शाळेत शिकवत आलेला माणूस मी. पण म्हणालो, "व्हय. लई महाग."

नुसतं 'थांब गं' एवढं म्हणायला त्या माणसाची जीभ रेटत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

सुनंदानं समोरच्या फलकाकडे पाहिलं. दर कन्नडमध्ये लिहिलेले, आणि तिची सगळी शाळा इथल्या कन्नड शाळेतच झालेली. तिनं प्लग जागेवर अडकवला. अण्णा लगबगीनं तिची पिशवी घेऊन घराकडे निघाले. ते जरा लांब गेल्यावर तिनं लातूरला सासूबाईंना फोन लावला.

"आई, आज मुक्काम इथंच करायलेय. इथं वीज लई महाग झालीय."