खोब्रागड्यांनी बुजवलेला तलाव

गुलाबराव खोब्रागड्यांनी एक अख्खा तलाव बुजवून टाकला आहे, असं सांगणारा सरकारी कागद सकाळी नऊच्या सुमारास खुद्द गुलाबरावांच्याच हातात पडला. तेव्हा ते अंगणात बसून लाल भाजी निवडत होते. कागद हिंदीत होता आणि त्यावर तीन शिक्के होते. जलस्रोत पुनर्जीवन कक्ष नावाच्या कुठल्याशा ऑफिसाला रिसालीतल्या त्यांच्या घरासमोरच्या मैदानात फेब्रुवारी महिन्यात एक तलाव आढळला होता. मे महिन्यात तिथे माणूस पाठवला, तर तलाव नाही. मैदानात पाच फूट पुढे आलेलं एक कुंपण मात्र होतं, आणि ते खोब्रागड्यांचं होतं. सात दिवसांत खुलासा करावा.

गुलाबरावांनी कागद दोनदा वाचला. चौतीस वर्षं त्यांनी भिलाईच्या स्टील प्लांटच्या प्लेट मिलमध्ये क्रेन चालवली. एवढ्या वर्षांत एक मेमो नाही, कधी एक बोल्ट डब्यात घालून घरी आणला नाही. आणि आता रिटायर होऊन तीन वर्षं झाल्यावर थेट तलावाची चोरी!

"आम्रपाली!" त्यांनी आत हाक मारली. "अवं, भाईर ये जरा. आपुन तलाव बुजवला म्हणून राहिले हे लोकं."

आम्रपाली त्यांची एकुलती एक मुलगी. भिलाईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिवनाथ नदीच्या खोऱ्यावर संशोधन करत होती. केस बांधता बांधता ती बाहेर आली. कागद हातात घेऊन हसायला लागली, आणि शेवटच्या ओळीवर येताच तिचं हसणं थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'स्रोत: उपग्रह मानचित्र, बिंदू क्रमांक ४१७.'

"काय झालं?"

"बाबा, ही यादी माझी आहे."

"तुयी मंजे?"

"म्हणजे मीच बनवली. सरांनी ती पुढे पाठवली."

गुलाबरावांनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. आपली मुलगी दिवसभर संगणकापुढे बसून काय करते, हे त्यांना ढोबळमानाने ठाऊक होतं. एक उपग्रह दर पाच दिवसांनी भिलाईवरून जातो आणि फोटो काढतो. फोटोत जिथे पाणी असेल तिथे संगणक निळा ठिपका टाकतो. खोऱ्यात लहानमोठी तळी किती, त्यांत पाणी किती अडतं, आणि पाऊस झाला की उरलेलं शिवनाथेत किती येईल, याचं गणित ती मांडत होती. पण त्या गणितात आपल्या बापालाच आरोपी करायची सोय असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग खोडून टाक."

"असं कसं खोडू? संगणकाला तिथे पाणी का दिसलं, ते आधी शोधावं लागेल." आणि ती न जेवताच कॉलेजला गेली.

गुलाबरावांना गप्प बसवेना. तलाव नव्हताच, हे सांगणारे दोन साक्षीदार मिळाले की काम भागेल, असा त्यांनी सरळ हिशेब केला आणि शेजारच्या कृष्णरावांकडे गेले. कृष्णराव भंडाऱ्याकडचे, तेही प्लांटमधून रिटायर झालेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मान डोलावली.

"तरीच म्हणलं, यंदा इतके डास कावून झाले!"

"कृष्णराव, तलाव नव्हता."

"सरकारनं वरून पायला ना? मंग आपल्याले खालून नसन दिसला."

कृष्णरावांची बायको गयाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तलाव असता तर तुमच्या रुक्मानं वाफ्याले नळाचं पाणी बादलीबादलीनं कावून घातलं असतं?" या प्रकरणात कुणी काढलेला हा पहिला आणि बहुधा शेवटचा मुद्द्याचा शब्द. पण कृष्णरावांनी त्यांना चहा ठेवायला आत पाठवलं.

कोपऱ्यावरच्या टेंट हाउसवाल्या बाबुलालने तर कमाल केली. कागदावरचे तीन शिक्के पाहून त्याला बालपण आठवलं. "हव भइया, इहां तरिया रहिस. मैं ह भइंसा धोवत रहेंव." आपण या तळ्यात म्हशी धुतल्या, हे त्याने संध्याकाळपर्यंत इतक्यांना सांगितलं, की दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी चौघांना ते तळं आठवायला लागलं. एकाला त्यातली कमळंही आठवली. गुलाबराव निर्दोषपणाचे साक्षीदार शोधायला निघाले होते; ते गल्लीचे तलावचोर होऊन घरी परतले.

घरी येऊन ते कुंपणाशी उभे राहिले. तिथे पाच फुटांच्या पट्ट्यात अंबाडी होती, वाल होता, एक पपई होती. हे सगळं त्यांच्या बायकोचं, रुक्माबाईंचं. नवऱ्याला न विचारता त्यांनीच ते कुंपण एका दुपारी पुढे सरकवलं होतं. रोज सकाळी दहा-साडेदहाला, घरातलं आटोपलं की त्या वाफ्यात उतरायच्या. नऊ फेब्रुवारीला त्या वारल्या. तेव्हापासून पाणी गुलाबराव घालत होते. कधी जास्त व्हायचं, कधी राहून जायचं. तलावाचा आळ गेला तर जाऊ दे, नाही तर राहू दे. पण हा पट्टा जाता कामा नये.

आम्रपाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"हो. फेब्रुवारीत सारखे ढग होते, बाबा. त्या पंधरवड्यात एकच दिवस फोटो स्वच्छ आला. सोळा तारखेचा." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. करड्या, धुरकट चौकोनांच्या गर्दीत सहा चौकोन निळे होते. "पाचपेक्षा कमी असते तर संगणकाने आपोआप गाळले असते. सहा निघाले."

गुलाबरावांना चौकोनांचं काही कळलं नाही. तारीख मात्र कळली. सोळा फेब्रुवारीला समोरच्या मैदानात रुक्माबाई गेल्यानंतरचा, बौद्ध रीतीचा जलदानाचा कार्यक्रम होता. लग्नसराईमुळे बाबुलालकडचे सगळे मंडप बाहेर गेले होते. उरलेली एक भलीमोठी निळी ताडपत्री त्याने आणून ताणली होती, साठ बाय नव्वद फुटांची. गोंदियापासून माणसं आली होती.

"निळं प्लास्टिक आणि पाणी, मशीनला वरून सारखंच वाटतं," आम्रपाली म्हणाली.

"किती वाजताचा हाय हा?"

"दहा चाळीस."

दहा चाळीसला वंदना संपली होती. भन्तेजी बोलत होते आणि गुलाबरावांच्या हातातल्या तांब्यातून पाण्याची धार वाटीत पडत होती. वाटी भरून पाणी खालच्या ताटात सांडत होतं. आम्रपालीने त्यांच्या कोपराला हात लावलेला होता. हे सगळं त्या सहा चौकोनांच्या खाली होतं.

"मार्चमध्ये मी प्रत्येक बिंदू तपासला होता," आम्रपाली म्हणाली. "हाही तपासला. आपल्या घरासमोरचा, बाबा. जागा बघितली नाही, तारीख बघितली नाही. नुसतं ओके दाबत गेले. आई दवाखान्यात होती तेव्हाही मी तिच्या उशाशी बसून हेच करत होते. ती काहीतरी सांगायची आणि मी म्हणायची, एक मिनट, आई."

गुलाबरावांना समजूत घालता येत नसे. ते काम घरात रुक्माबाईंकडे होतं. त्यांनी घसा खाकरला.

"क्रेनच्या केबिनमधून मले बी कधी माणसं नाही दिसली. निस्ते हेल्मेट दिसत. पिवळे, निळे. खाली कोण हाय, काय करून राहिला, काई समजत नसे. वरून पाहाचं मंजे असंच राहते."

तिने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. मग त्यांनी चाचरत विचारलं, "हा दर पाचव्या दिवशी फोटो काढते म्हणते ना? मंग तुयी माय होती तवाचे बी असतीन."

आम्रपालीने जानेवारीतला एक स्वच्छ दिवस काढला. बोट ठेवून दाखवलं. "हे मैदान. हे आपलं घर."

"आन वाफा?"

"तो या चौकोनातच आला. एक चौकोन दहा मीटरचा असतो. माणूस नाही दिसत, बाबा."

"पण या टायमाले थे वाफ्यातच राहे."

"हो, असेल. आहेच ती त्यात. पण दिसत नाही."

"बरं," गुलाबराव म्हणाले, आणि तरीही चष्मा पुसून त्या एका करड्या चौकोनाकडे पाहत राहिले. शेवटी लॅपटॉपची बॅटरी संपली.

कक्षाचे अभियंते राजदीप दोन दिवसांनी मोजमापाची फीत आणि टॅबलेट घेऊन मैदानात आले. तिशीचे, घामाघूम झालेले आणि सभ्य. त्यांच्याभोवती गल्ली जमली. बाबुलालने म्हशींपासून सुरुवात केली, कृष्णरावांनी डास पुढे केले. राजदीप भराभर लिहून घेत होते.

"सर, तालाब था ही नहीं," आम्रपाली मध्येच म्हणाली. "वो मेरी माँ के जलदान का टेंट था. गलती मेरी है." तिने छापून आणलेलं चित्र, तारीख आणि वेळ पुढे केली. आपली चूक चारचौघांत, नावासकट, तिने सांगून टाकली.

राजदीप चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच बाबुलालकडे मान वळवली. "तो भैंस आपने टेंट में धोई थी?"

बाबुलालने आकाशाकडे पाहिलं. "टेंट तो हमरेच रहिस साहब," एवढंच तो म्हणाला. कृष्णरावांना घरी काहीतरी काम आठवलं, पण गयाबाईंनी त्यांचा सदरा धरून ठेवला.

"बेटा, मैं एंट्री हटा देता हूँ," राजदीप म्हणाले आणि टॅबलेटवर बोट फिरवू लागले. पुन्हा पुन्हा फिरवलं. मग त्यांचा चेहरा ओशाळला. "नाम माँग रहा है."

"कशाचं?" गुलाबरावांनी विचारलं.

"तालाब का. नाम भरे बिना एंट्री खुलती नहीं, और खुले बिना कटती नहीं."

"जो नाहीच, त्याले नाव?"

"कुछ भी चलेगा, चाचाजी. काटना ही तो है."

कुछ भी चलेगा म्हटल्यावर गल्लीत जीव आला. बाबुलालने स्वतःचं नाव सुचवलं, कारण ताडपत्री त्याची होती. कृष्णरावांनी गावाकडच्या वडिलांचं सुचवलं. आम्रपाली म्हणाली, "चारशे सतरा लिहा ना." आकडा चालत नव्हता.

"रुक्मा," गुलाबराव म्हणाले.

राजदीपांनी टॅबलेटवर बोट टेकवलं.

"रुक्मा सागर? रुक्मा ताल?"

"नाही. निस्तं रुक्मा लिवा. फुडं तालाब."

राजदीपांनी लिहिलं. मग फीत गुंडाळता गुंडाळता खाली मान घालून म्हणाले, "चाचाजी, मगर फेंसिंग तो... पाँच फुट बाहर है. वो तो सही में है."

"हाय ना," गुलाबराव म्हणाले. "थे मले बी इचारल्याबिगर सरकवलं होतं तिनं."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः कुंपणाच्या तारा सोडल्या. गयाबाईंनी अंबाडी मुळासकट उचलून आपल्या अंगणात नेली. आम्रपालीने वालाचा वेल आत घ्यायचा प्रयत्न केला, पण तो मोडला. पपईला हलवण्यात अर्थ नव्हता. ती कुंपणाबाहेर मैदानात उभी राहिली, कुणाचीच नसल्यासारखी.

तीन आठवड्यांनी कक्षाचा चपराशी अरुणकुमार सायकलवर आला आणि त्याने अंतिम आदेश गुलाबरावांच्या हातात दिला. आम्रपाली कॉलेजला निघाली होती, तीही थांबली. त्यात लिहिलं होतं: 'रुक्मा तालाब, रिसाली. मौके पर जाँच की गई. रुक्मा अब अस्तित्व में नहीं है. प्रकरण समाप्त.' घाईत कुणाकडून तरी 'तालाब' हा शब्द दुसऱ्या ठिकाणी टाकायचा राहून गेला होता.

आम्रपालीने ओळ वाचली आणि दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. फेब्रुवारीपासून ती पहिल्यांदाच रडत होती, मोठ्याने, लहान मुलीसारखी. अरुणकुमार घाबरला. "क्या हुआ? कुछ गलत छप गया क्या?"

गुलाबरावांनी कागद पुन्हा वाचला. रेशन कार्डावर रुक्माबाईंचं नाव रुकमणी होतं, मतदार यादीत रुखमीन, आणि मृत्यूच्या दाखल्यावर रुकमा. तो दाखला दुरुस्त करायला ते चार वेळा खेटे घालून आले होते.

"नाही," ते म्हणाले. "पयल्यांदाच बरोबर छापलं. याची अजून एक कॉपी भेटन का?"

"एक ही आती है, चाचाजी. ज़ेरॉक्स करवा लो."

गुलाबरावांनी कागद घडी न घालता तसाच सपाट धरला, पायांत चपला सरकवल्या, आणि मुलीचं रडणं पुरं होईपर्यंत दारात उभे राहिले. मग म्हणाले, "चाल. तुयासाठी बी एक काढून आणू."