जलेहाचं दचकणं

मुलीची सोयरीक ठरवायला पाहुणे येणार होते, आणि त्या दिवशी जलेहाच्या घरात कुणी मोठ्यानं खोकायचंही नाही असा हुकूम सुटला होता.

कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. जलेहाला लाताहची खोड होती. काही धाडकन वाजलं की तिच्या तोंडून भलतंच काहीतरी निघे, आणि मग समोरचा माणूस जे करील तेच ती करत सुटे. बाजारातल्या टवाळ बायका मुद्दाम तिच्यामागे पातेलं आपटत आणि नाचू लागत. हातात मासळीची पिशवी घेऊन जलेहाही नाचे. भानावर आल्यावर तीही हसायची, पण घरी येईपर्यंत तिचं तोंड उतरलेलं असे.

"यात तुझा काही दोष नाही, आई," नर्स असलेली तिची मुलगी नोरिझान म्हणे. "आवाज कानात शिरला की शरीर आधी दचकतं, मन मागाहून पोचतं. सगळ्यांचं असंच असतं. तुझं मन जरा जास्त उशिरा पोचतं, इतकंच."

"आज तरी वेळेवर पोचू दे म्हणजे झालं," जलेहा म्हणाली.

नवरा देरामान यानं कोंबडे शेजारी नेऊन सोडले, पत्र्यावर झुकलेले नारळ उतरवून घेतले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद केलं. झालं उलटंच. घर इतकं चिडीचूप झालं की जलेहाला पाल सरकलेली ऐकू येऊ लागली. आता काहीतरी वाजणार, आता वाजणार, म्हणून ती ताठ बसून राहिली.

पाहुणे आले. बोलणी करायला मुलाचे काका तालिब, आणि सोबत मुलाची आई कलसोम. कलसोमबाई ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकून बसल्या. चहाला हात नाही, केळ्याच्या भज्यांकडे नजर नाही.

"बाईंना आपलं घर पसंत दिसत नाही," देरामान बायकोच्या कानाशी कुजबुजला. तेवढ्यानंच ती अर्धी उडाली.

तालिबनी विड्याच्या पानांचं तबक मध्ये ठेवलं. "आमच्या मुलासाठी तुमची नोरिझान..." एवढं म्हणाले आणि शिंकले. त्या शांततेत ती शिंक सुतळी बॉम्बसारखी फुटली.

"मेलं माकड!" जलेहा किंचाळली आणि हातातली भज्यांची बशी तिनं भिरकावली.

देरामाननं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. तोच भिंतीकडून आवाज आला, "माकड, माकड, मेलं माकड!" कलसोमबाईंनी आपली बशी भिरकावली होती. ते पाहून जलेहानं रुमाल फेकला, ते पाहून कलसोमबाईंनी विड्याचं तबक. तालिब गडबडून उठले आणि दोन्ही हात हलवत म्हणाले, "अहो, शांत व्हा." दोघी उठल्या आणि हात हलवत म्हणू लागल्या, "अहो, शांत व्हा, शांत व्हा." देरामाननं कपाळावर हात मारून घेतला, दोघींनीही मारून घेतला.

शेवटी नोरिझान मध्ये शिरली. एक शब्द न बोलता तिनं दोघींचे हात धरले, डोळे मिटले आणि संथ श्वास घेत उभी राहिली. दोघींनी डोळे मिटले. दोघींचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

कलसोमबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या खांद्यावर विड्याचं पान होतं. "मुलानं बजावलं होतं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मुलीच्या घरी तोंड उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. मला वाटलं, तुम्ही मला वेडी म्हणाल."

"अगंबाई," जलेहा म्हणाली, "आणि मी तुम्हाला शिष्ट समजत होते."

मग दोघी जमिनीवर बसून भजी वेचू लागल्या.

"तुमच्याकडे काय, पातेलंच आपटतात?" जलेहानं विचारलं.

"नाही हो. सायकलची घंटी. तीही नेमकी पुलावर."

तालिबना ताटकळायची सवय नव्हती. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "मग हो म्हणा की!"

"हो म्हणा की, हो म्हणा की," दोघी एकदम म्हणाल्या.

"चला, ठरलं."

"नाही, काका," नोरिझान म्हणाली. "ते नुसतं दचकणं होतं. पुन्हा विचारा. हळू."

तालिबनी आवाज खाली आणून विचारलं. कलसोमबाई ओढणीचं टोक पिळत राहिल्या. देरामान घसा खाकरायलाही धजेना. जलेहानं एकेकाकडे पाहिलं. आपल्या तोंडून शब्द कधी निघतो याची इतक्या माणसांनी वाट पाहावी, असं तिच्या जन्मात घडलं नव्हतं.

"चहा गार झालाय," ती सावकाश म्हणाली. "आधी दुसरा ठेवते. मग सांगते."