चौथ्या चौकातली फांदी

खेळामुळे शरीर सुदृढ होतं, मन प्रसन्न राहतं आणि राष्ट्र बलशाली बनतं. हे सत्य दरवर्षी क्रीडा सप्ताहाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलं जातं, तेव्हा त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. मैदान धड नसलं तरी हे तिन्ही फायदे होतात का, हे पाहण्याचा एक मोठा सरकारी प्रयोग कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका कन्या शाळेत, चार वर्षं चालला होता. (शाळेचं नाव सांगत नाही. नाव छापलं की खुलासा मागवतात, आणि खुलासा लिहायचं काम खेळाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं.)

ते शिक्षक म्हणजे आकाराम सर. सर शिट्टी गळ्यात घालूनच जेवायला बसायचे, असं त्यांच्या घरचे सांगत. त्यांच्या शाळेला मैदान होतं, आणि मैदानाच्या बरोबर मधोमध, खो-खोच्या चौथ्या चौकात, पाण्याच्या नळाचं चेंबर होतं. पेठेला पाणी सोडणारा सयाजी चावीवाला रोज सकाळी येऊन त्यात उतरायचा, चावी फिरवायचा आणि वर यायचा. एकोणीसशे नव्याण्णवच्या शिमग्यात चेंबरचं लोखंडी झाकण चोरीला गेलं. मागं राहिला कमरेएवढा खड्डा. कुणी पडू नये म्हणून सयाजीनं त्यात एरंडाची एक भलीमोठी फांदी उभी केली आणि तिला लाल चिंधी बांधली. नागरी सुविधा म्हणून त्या चार वर्षांत शाळेला जे काही मिळालं, ते एवढंच.

खो-खोत आठ जणी मधल्या पट्टीवर आठ चौकांत बसतात आणि नववी पळणारीच्या मागे धावते. दमली किंवा सोयीचं वाटलं की बसलेल्या एखादीला पाठीमागून "खो" देते. मग ती उठून धावते आणि ही तिच्या जागी बसते. आता चौथ्या चौकात फांदी होती. फांदीला खो देऊन उपयोग नसतो.

"चौथा चौक सोडायचा," सरांनी मुलींना सांगितलं. "तिसरीवरनं सरळ पाचवीला खो. आणि फांदीजवळ आला की दीड पाऊल भायेर. वळसा घालायचाच, काय?"

"व्हय सर," मुली म्हणाल्या आणि शिकल्या. मुली फार गुणी होत्या. सरांच्या वहीतली आकडेवारीच पाहा. वळसा शिकण्याआधी खड्ड्यात पडलेल्या मुली: तीन. वळसा शिकल्यावर: एकही नाही. प्रशिक्षणाचा इतका चोख परिणाम राज्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सर हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी चौदा अर्ज केले. चौदाही अर्जांची पोच मिळाली, त्यावरून कारभार किती सजग होता ते दिसतं. पाणी खात्यानं कळवलं की चेंबर आमचं, पण झाकण बांधकाम खात्याचं. बांधकाम खात्यानं कळवलं की झाकण आमचंच, पण जमीन शिक्षण खात्याची, तिच्यावर झाकण कसं ठेवणार? शिक्षण खात्यानं विचारलं, मुली खेळतात का? खेळत असतील तर अडचण काय?

मग दोन हजार एक साली शालेय क्रीडा व नागरी सुविधा उत्तरदायित्व कक्ष उघडला. कुणीतरी एकानं उत्तर द्यावं, यासाठीच तो होता, आणि त्यानं दिलंही: "विषयांकित झाकण बसवण्यात आले असून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे." सरांनी पत्र वाचलं, मैदानात जाऊन पाहिलं आणि पुन्हा पत्र वाचलं. फांदीला नवी पानं फुटली होती.

सर कक्षात गेले. कक्षप्रमुख शिवप्रसाद साहेब मोठे मायाळू. त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली.

"साहेब, झाकण न्हाई तिथं."

"मास्तर, नोंद हाय की. आता परत बसवायचं म्हंजे आधी बसवल्यालं काढाय लागंल."

"बसवल्यालंच न्हाई, तर काढायचं काय?"

"तीच तर अडचण हाय बगा," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता, हे सर आजही मान्य करतात.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये जिल्हा स्पर्धेआधी कक्षाचे एक निरीक्षक संघ तपासायला आले. पावसाची भुरभुर असल्यामुळे त्यांनी व्हरांड्यातूनच तपासलं. शेरा असा: "आठही खेळाडू जागेवर. शिस्त उत्तम. चौथी खेळाडू विशेष स्थिर आहे."

इथं रक्षिताबद्दल सांगायला हवं. ती संघाची कप्तान, सातवीतली, आणि पेठेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नव्हतं. तिचे वडील रामलिंग शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात होते. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, की पोरगी जिल्ह्यात जिंकून विभागीय स्पर्धेला गेली तर शाळा आणि खेळ दोन्ही चालू. नाही गेली तर सातवी संपली की कबनूरला मावशीकडे, यंत्रमागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला. रामलिंग दुष्ट नव्हते. घरात तीन मुली होत्या, आणि खेळून काय होतं हे त्यांना अजून कुणी दाखवलं नव्हतं. रक्षिता ते दाखवणार होती. सरांना त्या महिन्यात नीट झोप लागली नाही.

जिल्ह्याचा अंतिम सामना चांगल्या मैदानावर होता. माती चाळलेली, चुना आखलेला, खड्डा कुठंच नाही. चौथ्या चौकात भूमिका नावाची हाडापेरानं मजबूत मुलगी बसली. सरांनी तीन वेळा बजावलं, "हितं खड्डा न्हाई. चौथीला खो द्यायचा. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय सर!"

शिट्टी झाली. रक्षिता तिसऱ्या चौकापर्यंत वाऱ्यासारखी गेली, दीड पाऊल बाहेर वळली आणि थेट पाचवीला खो देऊन बसली. पाचवी उठली, उलटी आली, चौथ्या चौकाशी दीड पाऊल बाहेर वळली. मग सातवी. मग दुसरी. सर्वांचे वळसे एकाच मापाचे, बघत राहावे असे. समोरच्या संघाची एक चलाख पोरगी तीन मिनिटांत सगळं ओळखून बसली. ती भूमिकेच्या आसपासच घुटमळायला लागली, कारण तिथं तिला पकडायला कुणी येतच नव्हतं.

"चौथी! आगं, चौथीला खो!" सर सीमारेषेवरून ओरडत होते. मुलींना ऐकू येत होतं. पायांना येत नव्हतं. पकडायच्या दोन्ही डावांत मिळून चौदा मिनिटं भूमिका बसून राहिली. तिला एकही खो मिळाला नाही. दोन गुणांनी सामना गेला.

"सर, मला म्हायती हुतं खड्डा न्हाई," रक्षिता रडत म्हणाली. "पाय वळल्यालं कळलंच न्हाई मला."

पायांना ते शिकवलं कुणी होतं, हे सरांना माहीत होतं.

पराभवाची जबाबदारी निश्चित करण्यासाठी कक्षानं चौकशी केली, आणि ती अवघ्या दहा दिवसांत पूर्ण झाली. (झाकणाला चार वर्षांत जे जमलं नाही, ते पराभवाला जमलं.) निष्कर्ष तर्काला धरून होता. स्पर्धेच्या मैदानावर खड्डा नव्हता. शाळेच्या मैदानावर नोंदीप्रमाणे खड्डा नाही. म्हणजे खेळाडूंनी कुठंच नसलेल्या खड्ड्याला वळसा घातला. सबब खेळाडू जबाबदार. प्रशिक्षकांना समज देण्यात यावी.

समज घेऊन सर शाळेत आले तेव्हा मैदानात रामलिंग उभे होते. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, झाकण होतं.

"आमच्या कारखान्यात हीच वततो आमी, रोज शंभरभर," ते म्हणाले. "भायेरच्या देशात जात्यात. ह्ये कडंला टवका उडाल्यालं, भंगारात टाकल्यालं. मालकास्नी इचारून आनलं."

फांदी उपटली, झाकण ठेवलं, पायानं दाबलं. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

"मास्तर," रामलिंग खाली बघत म्हणाले, "चार वर्सं ह्या फांदीला वळसा घालून पोरीला न्यायाला येतोय मी. रोज झाकनं वततोय. माज्या कसं डोक्यात आलं न्हाई ओ?"

सरांच्या वहीत चौदा अर्जांच्या प्रती होत्या.

आठवड्यानं कक्षाचं पत्र आलं. नोंदीप्रमाणे तिथं आधीच एक झाकण असल्यामुळे दुसरं झाकण हे अतिक्रमण ठरतं. दोन माणसं टेम्पो घेऊन आली, त्यांनी झाकण जप्त केलं आणि रीतसर पावती दिली. दुसऱ्या दिवशी सयाजीनं नवी फांदी आणली. सातवी संपली आणि जूनमध्ये रक्षिता कबनूरला गेली. ती कांड्या फार भरभर भरते, असं मावशीचं म्हणणं आहे. मागांच्या शेडमधून जाताना मात्र एका जागी, काही नसताना, ती दीड पाऊल बाहेरून जाते, आणि बायका हसतात.

तुम्हालाही हसू आलं असेल, किंवा वाईट वाटलं असेल. उद्या सकाळी घरातून निघाल तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तुमची स्कूटर जिथं रोज आपोआप उजवीकडे वळते, तिथं जरा थांबा आणि खाली बघा. तो खड्डा अजून आहे, की केव्हाच बुजलाय, हे तुम्हाला आत्ता बसल्या जागी सांगता येणार नाही. वळसा मात्र तुमचा कधी चुकलेला नाही. तुम्हाला तर कुणी सरांनी शिकवलंही नव्हतं.