स्पंजवाल्या कुंदाताई

कुंदाताईंना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की त्या ‘कशावरून?’ म्हणतात. वर खिडकीतून बाहेर बघून खात्री करून घेतात. ब्रिटनमधल्या या सदा पावसाळी कार्डिफमध्ये बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं.

मूळच्या नागपूरच्या. आमच्या लॅबमध्ये वीस वर्षं टेक्निशियन. समुद्री शेवाळाच्या अर्कापासून नखाएवढे स्पंज बनवतात. त्यांत आम्ही कॅन्सरच्या पेशी वाढवतो आणि नवी औषधं टाकून बघतो. सपाट ताटलीत या पेशी म्हणजे गरीब गाय, कुठल्याही औषधाने माना टाकतात. स्पंजात मात्र शरीरातल्यासारख्या गठ्ठा करून बसतात, तेव्हा औषधाचा खरा कस लागतो.

फ्रिजमधल्या दुधावर बाई मार्करने रेघ मारतात. वजनकाट्याला रोज ‘काय रे लबाडा’ म्हणून तपासतात. आणि माझ्यावर तर पहिल्या दिवसापासून डोळा! “पुण्याचा ना तू? बघू.”

मार्चमध्ये माझं औषध लागू पडलं. स्पंजातल्या पेशी जवळजवळ साफ! बॉस खूश. शुक्रवारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांपुढे मी बोलायचं ठरलं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, व्हिसा त्यालाच बांधलेला. हा रिझल्ट टिकला तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरा.

बुधवारी लंचनंतर बघतो तर बाई माझ्या वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, बाटलीतून पाणी काढून घेतायत. म्हटलं, सापडला चोर!

“ताई, ते माझं आहे.”

“हो रे बापा, तुझंच. म्हणून तर बघतेय.”

त्यांनी मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. स्पंज धुतलेल्या त्या पाण्यात माझ्या पेशी मजेत जिवंत होत्या! औषधाचे स्पंज मी घाईत खसाखसा धुतले होते. पेशी मेल्या नव्हत्या, पाण्याबरोबर वाहून गेल्या होत्या, आणि मी उरलेल्या मोजून नाचत होतो.

“उद्या हे औषध कुणीतरी माणूस घेणार ना?” एवढंच म्हणाल्या. मला भयंकर राग आला.

गुरुवारी नाक मुठीत धरून बॉसकडे गेलो. तो म्हणाला, “आय नो. कुंदाने कालच सांगितलं, तिचीच स्पंजची बॅच कच्ची निघाली.”

कच्ची? त्यांची? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं ते सांगून टाकलं. बॉसने कपाळाला हात लावला. “पुन्हा कर,” म्हणाला, “आणि जरा हळू धू.”

बाहेर कुंदाताई उभ्याच.

“सांगितलंस? अक्कल आहे का? परत पाठवलं असतं म्हणजे? मला या वयात कोण काढतंय!”

“ताई, तुम्ही खोटं बोललात? तुम्ही?”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“वीस वर्षांत इथे मराठीत भांडायला कुणी मिळालं नव्हतं रे,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी घरी गेले की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारणच नसतं. तू राहा.”