दुधाखालचा केस

चोर मांजर असो की माणूस, आपल्या नजरेतून सुटणार नाही, असं मोठ्या बाई अख्ख्या गल्लीला ऐकवत. आणि दूध कमी होऊ लागलं ते त्यांच्याच पातेल्यातलं. चोरही घरचाच. सून रोज गुपचूप बाटली भरायची नि कामावर न्यायची.

मुलगा म्हणाला, पीत असेल. पण सुनेला तर दुधाचा वाससुद्धा सोसत नसे! मग हे कुणाच्या घशात जात होतं? मोठ्या बाईंनी चकार शब्द न काढता पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. पिणारा कुरकुर करील, सुनेचं तोंड उतरेल, की धरलीच.

झालं उलटंच. सून गुणगुणत घरी आली. पाणी पाजूनही खूश, म्हणजे प्रकरण भलतंच पुढे गेलेलं! मोठ्या बाईंनी पाणी वाढवलं. सुनेचं गाणंही वाढलं.

शेवटी डबा द्यायचं निमित्त काढून त्या तिच्या प्रयोगशाळेत धडकल्या. अंधारी खोली, लाल उजेडाची बारीक रेघ, आणि दुधाने भरलेल्या काचेच्या पेटीवर वाकलेली दोन डोकी. एक सुनेचं, दुसरं पन्नाशीतल्या ढेरपोट्या माणसाचं. बाईंनी खटकन दिवा लावला.

"दिवा बंद करा, काही दिसत नाही!" माणूस ओरडला.

ते निघाले सुनेचे साहेब. सुनेने चाचरत सगळं सांगितलं. उजेड मांसात शिरला की दुधात शिरल्यासारखा विखुरतो, म्हणून खोलवरची गाठ दिसत नाही. मांसाऐवजी वापरायचं इथलं तयार द्रावण संपलं, तेव्हा घरचं दूध घेतलं. विचारलं असतं तर बोलणी बसली असती. आरपार बघायचं नवं तंत्र तपासायला दुधाखाली एक केस ठेवलाय. तो या आठवड्यात दुप्पट खोलीवरून दिसला. उद्या पाहुण्यांना दाखवायचं, मग नोकरी कायम.

मोठ्या बाईंना आपण ओतलेलं पाणी आठवलं. गप्प बसावं तर उद्या सुनेची फजिती, बोलावं तर आत्ता आपली.

"दुधात पाणी आहे," त्या म्हणाल्या.

साहेब हसले. दूधवाले तसलेच, म्हणाले.

"दूधवाल्याने नाही. मी घातलंय."

साहेबांनी खालच्या दुकानातून दूध आणवलं. पेटी भरली, दिवा मालवला. केस गायब. सुनेने पुन्हा वाकून पाहिलं. म्हणाली, बरं झालं आजच कळलं. पाहुण्यांना पुढच्या महिन्यात बोलवायचं ठरलं.

दारापर्यंत सोडायला आलेल्या सुनेने हळूच विचारलं, "आई, संशय घ्यायचा तर माणूस तरी बरा बघायचात. आमचे साहेब?"

"मला वाटलं पैलवान असेल," मोठ्या बाई पुटपुटल्या. "दुधावरून."